डाव्या कोपऱ्यातला डाग

रात्री साडेअकराला फोटोंची छाटणी करत बसले होते. दिवसभरात साडेआठशेच्या वर क्लिक झालेले, त्यातून शंभर-सव्वाशे ठेवायचे. एक बोट कळीवर, डोळे पडद्यावर. ठेव, टाक, टाक, ठेव. या कामाला फारशी बुद्धी लागत नाही, लागते ती थोडी निर्दयता. डोळे मिटलेले, हात अर्धवट उचललेला, मागून कुणीतरी चिप्स खात गेलेला, असं सगळं टाकत टाकत मी टेकडीवरच्या फोटोंपाशी आले. जानेवारीतलं पिवळं गवत, मागून येणारा उतरता उजेड, ती हसतेय, तो तिच्याकडे बघतोय. छान आले होते. फक्त प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात, जरा खाली, एक काळा डाग. आधी वाटलं लेन्सवर काहीतरी बसलंय. मग वाटलं, कुणीतरी टाकलेली कचऱ्याची काळी पिशवी असणार, टेकडीवर त्यांना तोटा नाही. असला डाग पुसायला हल्ली मिनिटही लागत नाही. म्हणून त्या फोटोंवर लाल खूण करत, म्हणजे ‘आवडला, पण डाग काढायचा’ असं स्वतःलाच सांगत, मी पुढे चालले. नऊ-दहा फोटोंनंतर त्या पिशवीला कान दिसले.

मोठं करून बघितलं. ब्रूनो होता.

प्रत्येक फोटोला वेळ चिकटलेली असते. तो त्या कोपऱ्यात आहे असा पहिला फोटो ५ वाजून ३१ मिनिटांचा, शेवटचा ५ वाजून ५४ मिनिटांचा. मधले सगळे धरून ६१ फोटो. एकसष्टही फोटोंत तो त्याच जागी, पुढचे दोन्ही पाय जुळवून, ताठ बसलेला. आमच्याकडे बघतोय. एका फोटोत त्याने जांभई दिलीय. कुत्र्याची जांभई दर वेळी झोपेची नसते. ताण आला, काय करावं ते कळेना, की ती येते. ही माहिती मला होती. कुत्र्यांसोबत काम घ्यायचं ठरलं तेव्हा मी दोन रात्री वाचून तयारी केली होती, आणि त्या जांभईबद्दल गिऱ्हाइकासमोर ऐटीत बोललेही होते.

त्याला तिथे मीच बसवलं होतं.

साखरपुडा दिवाळीनंतर झालेला, लग्न फेब्रुवारीत. पहिल्या फोनवर ती म्हणाली होती, “ताई, आम्हाला ते धुराचे फुगे, गाडीच्या टपावर बसणं वगैरे काही नकोय. आम्ही चौघं आणि पुणं, बस.” चौघं म्हणजे तो, ती, त्याचा ब्रूनो आणि तिची चिंगी. ब्रूनो अकरा वर्षांचा काळा लॅब्रेडॉर, तोंड पांढरं झालेलं, मागचे खुबे दुखरे. चिंगी दोन वर्षांची गावठी, रंग चहासारखा, एक कान उभा आणि एक मोडलेला, कर्वे रोडच्या दुभाजकावर पावसात सापडलेली. मी प्री-वेडिंगला तशी नाकं मुरडणारी बाई. पैसे घेते आणि नाकही मुरडते, दोन्ही जमतं. पण ‘आम्ही चौघं’ हे ऐकून मऊ झाले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “कुत्र्यांचे फोटो काढायला तुला पैसे देतात?” आणि थोड्या वेळाने, “किती?”

सकाळी सातला शनिवारवाड्यासमोर भेटलो. उजाडत होतं, थंडी चांगलीच होती, दिल्ली दरवाज्याचे खिळे सावलीत होते. आत कुत्री न्यायचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या पटांगणात पारव्यांचा थवा बसलेला. चिंगीने त्यात उडी घेतली आणि माझा पहिला चांगला फोटो तिच्या कृपेने मिळाला: वर पारव्यांचा धुरळा, खाली तिला पकडायला धावणारा तो, आणि हसून दुमडलेली ती. ब्रूनो बाजूला उभा होता. त्याचा वेगळा फोटो काढताना लक्षात आलं की काळा कुत्रा ही परीक्षा आहे. कॅमेऱ्याला जग सरासरी राखाडी आहे असंच वाटतं. काळं दाखवलं की तो बिचारा उजेड वाढवून त्याचंही राखाडी करतो. कॅमेऱ्याचं न ऐकता उजेड खाली ओढावा लागतो. आणि शेजारी चेहरे असले, मागे संध्याकाळचं आकाश असलं, तर चेहरे सांभाळायचे की कुत्रा, हे ठरवावं लागतं. चेहरे सांभाळले की कुत्र्याच्या जागी नुसतं भोक उरतं.

मग कसब्याच्या गल्ल्या. तिथली कुत्री आमच्या दोघांना ओळखत नव्हती आणि ओळख करून घ्यायच्याही मनःस्थितीत नव्हती. प्रत्येक वळणावर नवी हद्द, नवा पहारेकरी. चिंगी शेपूट पायात घालून, मग बाहेर काढून, मग पुन्हा घालून वाटाघाटी करत राहिली, ब्रूनो मात्र त्या सगळ्या गोंधळातून सेवानिवृत्त हेडमास्तरांसारखा चालत गेला. एका फाटकावर पाटी होती, ‘कुत्रा चावत नाही. मालकांची खात्री नाही.’ तिच्यासमोर त्या दोघांना उभं करायचा मोह मी आवरला. पुण्यात पाटीसमोर फोटो काढणं म्हणजे महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी घेऊन फोटो काढण्यासारखं.

मंडईत मात्र रमलो. १८८६ सालची ती दगडी अष्टकोनी इमारत. वरच्या उंच खिडक्यांतून तिरपं ऊन खाली उतरतं आणि त्या पट्ट्यात कोथिंबिरीवर मारलेलं पाणी चमकतं. ओल्या पोत्यांचा, मुळ्याच्या पाल्याचा, आल्याचा वास. आत कुत्री न्यायची परवानगी कुणी द्यायची हे न ठरल्यामुळे आम्ही बाहेरच्या गाळ्यांपाशीच थांबलो. एका मावशींनी दोन्ही कुत्र्यांपुढे गाजराचे तुकडे टाकले. चिंगीने हुंगून सोडून दिलं. ब्रूनोने गाजराकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि लाळ गाळत तसाच बसून राहिला. मावशी म्हणाल्या, “का रं, खाईना का?” तो हसला आणि म्हणाला, “ओके.” त्याबरोबर गाजर गायब. लहानपणी एका ट्रेनरकडे पाठवला होता, त्याने शिकवलेलं, असं तो म्हणाला. ‘ओके’ म्हटल्याशिवाय खायचं नाही, उठायचं नाही, हलायचं नाही. बसायला मात्र घरात सगळ्यांनी आपापली भाषा वापरली. तो ‘सिट’ म्हणतो, आई ‘बस’ म्हणते, ब्रूनो दोन्हीवर बसतो. पण उठायचं ते फक्त ‘ओके’वर.

म्हणजे बसायला मराठी चालते, सुटकेला इंग्रजीच लागते. याच्यावर आम्ही बरंच हसलो. आपल्याकडे विकत घेतलेल्या कुत्र्यांशी इंग्रजीत बोलतात आणि रस्त्यावरच्यांशी मराठीत, हे कधी नीट लक्षात घेतलंय का कुणी? एकाला ‘कम, नो, गुड बॉय’. दुसऱ्याला ‘हाड’. चिंगीला ती ‘ए भवाने’ म्हणून हाक मारत होती आणि चिंगी तेवढ्यापुरतीच येत होती.

दुपारी उन्हं चढल्यावर थांबलो. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायची, आपल्याला पाच-सात सेकंद धरवत नसेल तर कुत्र्याला त्यावरून चालवायचं नाही. तीही माहिती मला होती. मी फार जाणकार होते त्या दिवशी.

संध्याकाळी वेताळ टेकडी. ब्रूनोला चढवणार नाही म्हणून गाडीने वरपर्यंत गेलो आणि खाणीच्या अलीकडच्या गवतात जागा धरली. सव्वासहाच्या आसपास सूर्य बुडणार, म्हणजे खरा उजेड पाऊण तासाचा. चौघांचे फोटो सुरुवातीलाच उरकायला घेतले. मी गुडघ्यांवर, कोपरांवर, शेवटी सरळ पोटावर पडून. कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या उंचीवरूनच काढावा लागतो, वरून काढला की तो कुत्रा न राहता कुत्र्याचा नकाशा होतो. माझा मदतनीस पोरगा हातात चिंची करणारं खेळणं घेऊन माझ्या डोक्यावर उभा. तेवढ्यात खालच्या झुडपांतून मोर ओरडला. चिंगीने मान झटकली, पट्टा सुटला, आणि ती गेली. तिघेही तिच्या मागे धावले. ब्रूनोही उठायला लागला. त्याचे ते खुबे, ते खडक, ती खाण. मी दोन बोटं दाखवून म्हटलं, “ब्रूनो, बस. बस हं तिथेच.”

तो बसला.

चिंगी पाच मिनिटांत मिळाली, अंगभर कुसळं घेऊन, अत्यंत प्रसन्न. ती मुलगी रडवेली झाली होती आणि हसतही होती, तो तिच्या केसांतली कुसळं काढत होता, आणि उजेड नेमका तेव्हा मधासारखा झाला. फोटोग्राफरला अशा वेळी दुसरं काही दिसत नाही. दिसू नये असंच आम्हाला घडवलेलं असतं. माझ्या कॅमेऱ्यात डोळा शोधून त्यावर फोकस धरायची सोय आहे, पण आधी मेनूत जाऊन सांगावं लागतं, कुणाचा डोळा. ‘माणूस’ किंवा ‘प्राणी’. एका वेळी एकच. मी ‘प्राणी’ काढून ‘माणूस’ केलं आणि पुढची तेवीस मिनिटं तो हिरवा चौकोन तिच्या पापणीवरून त्याच्या पापणीवर, त्याच्यावरून तिच्यावर नाचत राहिला. चौकोन एकदाही डाव्या कोपऱ्याकडे गेला नाही. जाणारच नव्हता.

यावर कुणीही म्हणेल, कुत्रा बसून राहिला, त्यात काय एवढं. उपाशी नव्हता, उन्हात नव्हता. मीही स्वतःला तेच म्हटलं आणि लॅपटॉप बंद केला. झोप आली नाही. आणि पडल्या पडल्या जे आठवलं ते आईला सांगितलं तर ती मला घराबाहेर काढेल.

१९८६ चा मे महिना, साताऱ्याला काकाचं लग्न. मी आठ वर्षांची. फोटोग्राफरकडे पोटाशी धरून वरून आत बघायचा चौकोनी कॅमेरा होता, त्यात एका रोलवर बारा फोटो निघायचे. बारा म्हणजे बारा. त्यामुळे तो माणूस फोटो काढायच्या आधीच पाच मिनिटं सगळ्यांना हलवत, सरकवत, माना वळवत बसायचा. आमच्या घरच्यांचा मोठा फोटो घ्यायची वेळ आली. माईआत्या नेहमीसारखी कडेला. ती तरुणपणीच नवरा जाऊन माहेरी आलेली. तेव्हा तर ‘मंगल कार्यात तिने जरा मागेच असावं’ हे कुणी तोंडाने म्हणतही नव्हतं, इतकं ते मुरलेलं होतं. फोटोग्राफर तिला म्हणाला, “ताई, तुम्ही जरा त्या खांबाशी थांबा, पुढच्यात घेतो.” त्याच्या मनात काही नसावं, फ्रेममध्ये गर्दी होत होती एवढंच. ती खांबाशी जाऊन थांबली. फोटो निघणार म्हणून सगळ्या बायकांनी आपापल्या पर्स तिच्याकडे दिल्या. मी माझी पाण्याची बाटली दिली. पुढचा फोटो नवरीकडच्यांचा होता. त्याच्या पुढचा जेवणाच्या पंगतीचा. रोल संपला.

अल्बममधल्या त्या फोटोत अगदी कडेला तिचा खांदा आला आहे आणि त्याच्यावर लटकलेले तीन-चार पर्सचे पट्टे. पुढे आजोबांनी तो फोटो मोठा करून घेतला तेव्हा चौकटीत बसवायला कडा कापल्या, त्यात तो खांदाही गेला. पाण्याची बाटली तिने मला मांडवातून निघताना आठवणीने परत दिली, तीही भरून. तिला राग आला होता का, हे मला माहीत नाही. ती २००९ मध्ये गेली आणि तिचा चांगला फोटो सापडेना म्हणून आम्ही रेशनकार्डावरचा मोठा केला.

कुत्र्यावरून आत्या आठवावी याची मला लाजच वाटली. दोन्हींत काही साम्य नाही. आत्या माणूस होती, तिला सगळं कळत होतं, आणि ज्याने तिला खांबाशी थांबवलं तो फोटोग्राफर तर नुसता निमित्त. पण मला त्या रात्री आत्या काही फार दिसत नव्हती. मला तो फोटोग्राफर दिसत होता. चौकोनी कॅमेऱ्यात खाली बघणारा, घामेजलेला, आपल्या कामात चोख. इतकी वर्षं मी त्याच्यावर मनातल्या मनात दात ठेवून होते. आणि त्याला बहुतेक कधी कळलंच नाही.

त्या घरात माजघराच्या भिंतीवर दत्ताचं कॅलेंडर असायचं. तीन शिरं, मागे गाय, पायाशी चार कुत्री. चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आजोबा सांगायचे. वेद कुठले ते मला ओळखू यायचे नाहीत, पण पांढरं माझं आणि काळं भावाचं, एवढं ठरलेलं होतं. आता आठवून बघितलं तर वाटतं, त्या चित्रकाराचं बरं होतं. त्याला कुणाला ‘बस’ म्हणावं लागलं नाही आणि कुणाला मोकळं करायची जबाबदारीही नाही. शिवाय चारही कुत्री त्याने फ्रेमच्या आत घेतली होती, शेपट्यांसकट.

दुसऱ्या दिवशी मदतनीस पोराला विचारलं, ब्रूनो शेवटी उठला कसा? त्याला आधी काही आठवेना. मग म्हणाला, “ताई, मी आईशी फोनवर बोलत होतो. ती म्हणाली येताना दूध आण. मी म्हटलं ओके, ओके. तर हा उठलाच.”

आणि मग मला पुढचंही आठवलं. ५ वाजून ५४ मिनिटांनंतर माझ्या गुडघ्याला काहीतरी मऊ, ओलं येऊन धडकलं होतं, फोटो हलला होता, आणि मी न बघताच म्हणाले होते, “अरे, याला धरा ना कुणीतरी, फ्रेममध्ये येतोय.”

फोटो पुसायला घेतले. खोटं का बोलू, बहुतेक पुसलेच. पैसे घेतलेत, आणि नवरीच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी पुसट काळा गोळा कुणालाच नको असतो. हल्ली डागावरून एक रेघ ओढली की त्या जागी आपोआप गवत उगवतं, खऱ्याहून खरं. अडतीस ठिकाणी गवत उगवलं. एकच फोटो तसाच ठेवला. त्यात तो त्या मुलीच्या केसांतलं कुसळ काढतोय, आणि मागे ब्रूनो. सावल्या जेवढ्या उचलता येतील तेवढ्या उचलल्या, तेव्हा त्या भोकातून पांढरं तोंड वर आलं. फोकस मात्र नंतर देता येत नाही.

त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

अल्बम द्यायला कोथरूडला त्याच्या घरी गेले तेव्हा लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. ती दोघं हिंजवडीच्या बाजूला नव्या फ्लॅटमध्ये, चिंगीसह. ब्रूनो इथेच. आधी नेणार होते. सोसायटीत कुणी काही बोललं म्हणून राहिलं असं नाही, आणि बोलले असते तरी सोसायटीला कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने लेखी दिलेलं त्या मुलीला पाठ होतं. अडचण साधी होती. दोघंही दिवसभर ऑफिसात, घरभर गुळगुळीत टाइल्स, आणि ब्रूनोचे मागचे पाय त्यावर फाकायला लागले. इथे काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईने, ब्रूनोसाठी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या आहेत. “तसा खुश असतो,” काकू म्हणाल्या, “फक्त संध्याकाळी सहाला दारात जाऊन बसतो. याची ऑफिसातून यायची वेळ.” मग स्वतःच म्हणाल्या, “येतो रविवारी. नाही असं नाही.” पहिल्या भेटीत माझं माहेर साताऱ्याचं म्हटल्याबरोबर त्यांनी मला अगं-तुगं करायला सुरुवात केली होती. अल्बम त्यांनी दोनदा बघितला. तो एक फोटो आला तेव्हा पान उलटता उलटता थांबल्या, चष्मा वर सरकवला, आणि म्हणाल्या, “हा काय मागे बसलाय शहाणा.” पुढचं पान उलटलं.

त्या चहा ठेवायला आत गेल्या. ब्रूनो दारात बसलेला. सहा वाजायचे होते, पण तो आधीच हजर. मी त्याच्याशेजारी जाऊन वाकले आणि, कुणी ऐकत नाहीये ना ते बघून, हळूच म्हटलं, “ओके.”

त्याने कान उभे केले. मग मागचे पाय गोळा करत, एकदा घसरून, सतरंजीवर नखं रोवत तो उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. बिस्किट असणार अशी त्याची खात्री होती. मी खिसे चाचपले. लेन्स पुसायचं फडकं निघालं, पार्किंगची पावती निघाली.

“अगं उभी का? बस!” आतून काकूंचा आवाज आला.

आम्ही दोघंही बसलो.